एसएमपीएसचे तोंड कोणीकडे?

संगणकाची जुळणी करताना बहुतेक प्रश्नांची उत्तरे छापलेली सापडतात. प्रोसेसर कोणत्या सॉकेटमध्ये बसेल, रॅम कोणत्या खाचांत आधी घालायची, हे माहितीपत्रकात असते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बसवायची वेळ आली की मात्र निर्णय आपल्यावर येतो. आजच्या बहुतेक कॅबिनेटांत त्याची जागा मागच्या बाजूला तळाशी असते आणि तिथल्या पत्र्याला स्क्रूंची भोके अशी पाडलेली असतात, की तो दोन्ही प्रकारे बसावा: पंख्याचे तोंड खाली जमिनीकडे, किंवा वर ग्राफिक्स कार्डाकडे. जाणत्यांना विचारावे तर दोन्ही बाजूंनी सारख्याच खात्रीची उत्तरे येतात. उष्ण हवा वर जाते म्हणून पंखा वर असावा, असे एक सांगतो. बाहेरची गार हवा तळातून मिळते म्हणून खाली असावा, असे दुसरा सांगतो. खालून धूळ ओढली जाते, वरून स्क्रू आत पडतो, सतरंजीवर ठेवले तर गुदमरतो, उलटा टांगला तर बेअरिंग जाते, अशी भर पडतच राहते. यांतले एकही विधान निखालस खोटे नाही, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. प्रत्येक सल्ला ज्या काळच्या कॅबिनेटासाठी जन्माला आला, त्या कॅबिनेटासाठी तो बरोबर होता. पुढे कॅबिनेट बदलले, त्यात एसएमपीएसकडे असलेले कामही बदलले, पण सल्ले जुन्या कामाचेच राहिले. पूर्वी एसएमपीएसचा पंखा सगळ्या संगणकाची हवा खेळती ठेवायचा. आज तो स्वतःपुरता फिरतो. ही एक गोष्ट मान्य केली की निवडीची कसोटीही एकच उरते: अधिक गार आणि बिनअडथळ्याची हवा त्याला कोणत्या बाजूने मिळते.

हे काम कसे बदलले ते पाहिल्याशिवाय सल्ल्यांचा गोंधळ उलगडत नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत ६३.५ वॅटचा वीजपुरवठा होता, आणि त्याच्या पंख्यावरच साऱ्या पेटीची भिस्त होती. पेटीतली हवा तो ओढून घ्यायचा, स्वतःच्या भागांवरून फिरवायचा आणि मागे बाहेर टाकायचा. प्रोसेसरला स्वतंत्र पंख्याची गरजच नव्हती. १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या मांडणीचा एटीएक्स हा आराखडा आणला तेव्हा सुरुवातीला नेमकी उलटी कल्पना मांडली होती: पंख्याने बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर फुंकावी, म्हणजे एकाच पंख्यात दोघांचे भागेल. कागदावर ही काटकसर आकर्षक होती. पण प्रोसेसरवर येणारी हवा आधीच एसएमपीएसमधून तापून यायची, आणि प्रोसेसरची भूक वर्षागणिक वाढत होती. १९९३ चा पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या आसपास उष्णता टाकत होता. २००४ च्या पेंटियम ४ ने शंभर वॅट ओलांडले. पंख्याची दिशा पुन्हा बाहेरच्या बाजूला वळली आणि एसएमपीएस वरच्या मागच्या कोपऱ्यात बसून धुराड्याचे काम करू लागला. मागच्या ८० मिलिमीटरच्या पंख्याची जागा पुढे तळाच्या सपाट बाजूवरील १२० मिलिमीटरच्या पंख्याने घेतली. तो मोठा असल्याने सावकाश फिरला तरी चालायचे आणि आवाज कमी व्हायचा. वर बसलेल्या एसएमपीएसमध्ये हा पंखा प्रोसेसरकडे, म्हणजे खाली पाहत असे. त्या रचनेत दिशेचा प्रश्नच नव्हता, कारण वरच्या बाजूला कॅबिनेटचे पत्र्याचे छत होते.

प्रश्न उभा राहिला तो एसएमपीएस खाली उतरला तेव्हा. २००५ मध्ये आलेल्या अँटेकच्या पी१८० या कॅबिनेटने त्याला तळाशी वेगळा कप्पा दिला आणि पुढच्या काही वर्षांत ही रचना सर्रास झाली. कारण सरळ होते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून इतकी उष्णता टाकू लागले होते, की ती सगळी एसएमपीएसमधून बाहेर काढणे म्हणजे त्यालाच भाजून काढणे झाले असते. मागच्या भिंतीवर आणि छतावर स्वतंत्र पंखे आले, पेटीतली गरम हवा बाहेर घालवण्याचे काम त्यांनी उचलले आणि एसएमपीएस त्या जबाबदारीतून मोकळा झाला. २०१४ मध्ये एनझेडएक्सटीच्या एच४४० या कॅबिनेटने तळाच्या कप्प्यावर सलग पत्र्याचे आच्छादन, म्हणजे श्राउड, लोकप्रिय केले. ते वायरी झाकण्यासाठी असले तरी त्याने एसएमपीएसला उरलेल्या पेटीपासून जवळजवळ वेगळे केले. आज जो 'पंखा वर ठेवा, म्हणजे आतली गरम हवा बाहेर जाईल' असे सांगतो, तो नकळत धुराड्याच्या काळातला सल्ला देत असतो. धुराडे आता छताला आहे.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पंखा खाली ठेवून बसवलेला एसएमपीएस 'उलटा' आहे, त्यामुळे त्यातले भाग लोंबकळतात आणि उष्णता सर्किट बोर्डाकडे चढते, असे पुष्कळदा म्हटले जाते. आतला बोर्ड पंख्याच्या समोरच्या बाजूला असतो, तेव्हा पंखा खाली आला की बोर्ड वर जातो आणि कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर खाली तोंड करून राहतात, हे खरे आहे. पण वरच्या कोपऱ्यात बसणारा, तळाला मोठा पंखा असलेला एसएमपीएस याच स्थितीत वर्षानुवर्षे चालला. ही रचना मुळात त्याच स्थितीसाठी आखली गेली. तळाच्या कप्प्यात पंखा खाली ठेवणे म्हणजे त्याला जन्मतः असलेल्या अवस्थेत ठेवणे. उलटा म्हणायचाच तर तो पंखा वर केलेला म्हणावा लागेल. अर्थात दोन्ही स्थितींत तो बिनतक्रार चालतो, म्हणून या मुद्द्यावर कोणत्याच बाजूला गुण देण्याचे कारण नाही.

आता आकड्यांकडे वळू, कारण उष्णतेचा हिशेब केल्याशिवाय हा वाद केवळ मतांचा राहतो. समजा खेळांसाठी बांधलेला एक संगणक पूर्ण जोमाने चालताना एसएमपीएसकडून ४०० वॅट घेतो. '८० प्लस गोल्ड' दर्जाच्या एसएमपीएसने निम्म्या भाराला निदान ९० टक्के कार्यक्षमता द्यावी लागते. म्हणजे भिंतीतून सुमारे ४४४ वॅट घेतले जातात आणि त्यांतले ४४ वॅट एसएमपीएसच्या पोटातच उष्णता होऊन उरतात. ब्राँझ दर्जाला ही मर्यादा ८५ टक्के आहे. तिथे हा आकडा ७० वॅटवर जातो. उरलेले ४०० वॅट मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डमध्ये खर्च होऊन शेवटी पेटीतल्या हवेतच उतरतात. एक लिटर हवा एक अंशाने तापायला सुमारे १.२ ज्यूल लागतात. एसएमपीएसमधून सेकंदाला १५ लिटर हवा जात असेल, तर ४४ वॅटने ती जेमतेम अडीच अंश तापते. पेटीतून सगळे पंखे मिळून सेकंदाला ३० लिटर हवा खेळवत असतील, तर ४०० वॅटने ती अकरा अंश तापते. या दोन आकड्यांत सगळे आले. एसएमपीएसची स्वतःची उष्णता किरकोळ आहे; त्याला त्रास होतो तो शेजाऱ्यांच्या उष्णतेचा. पंखा वर असेल तर ही शेजाऱ्यांची हवा त्याला प्यावी लागते. पूर्ण अकरा अंश नव्हे, कारण तळाशी समोरच्या पंख्यांतून ताजी हवा येत असते आणि ती वरच्या हवेपेक्षा गार असते. पण ग्राफिक्स कार्ड त्याच्या डोक्यावरच असते आणि आजची बहुतेक कार्डे आपली उष्णता मागून बाहेर न टाकता पेटीतच चारी बाजूंना सोडतात. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० सारखे एकटे कार्ड ४५० वॅटपर्यंत जाते. अशा कार्डाखाली वर तोंड करून बसलेल्या एसएमपीएसची हवा खोलीपेक्षा सहा-आठ अंश गरम असणे अगदी स्वाभाविक आहे.

सहा-आठ अंशांनी काय बिघडते, असा आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. महागड्या एसएमपीएसचे काहीही बिघडत नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. एसएमपीएसचे आयुष्य बहुतांशी त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांवर ठरते, आणि त्यांच्याबाबत अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: तापमान दहा अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते, दहाने वाढले की निम्मे. चांगल्या कंपनीचा कपॅसिटर १०५ अंशांना २००० तासांचा असेल आणि तो प्रत्यक्षात ६५ अंशांवर राहत असेल, तर त्याचे आयुष्य सोळापट, म्हणजे ३२ हजार तास होते. रोज चार तास वापर धरला तर ही बावीस वर्षे झाली. पंखा वर करून तो ७५ अंशांवर गेला तरी अकरा वर्षे उरतात. तोवर संगणक केव्हाच बदललेला असतो. पण स्वस्त एसएमपीएसमध्ये ८५ अंशांचे कपॅसिटर घातले जातात. त्याच हिशेबाने ते ६५ अंशांवर ८ हजार तास टिकतात आणि ७५ अंशांवर ४ हजार, म्हणजे रोजच्या चार तासांनी पावणेतीन वर्षे. साडेपाच वर्षे आणि पावणेतीन वर्षे यांतला फरक घरातल्या कोणालाही जाणवतो. तेव्हा दिशेचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे तो स्वस्त मालासाठी. चर्चा मात्र महागडे सुटे भाग घेणारेच जास्त करतात, ज्यांना त्याने सर्वांत कमी फरक पडतो.

यात हवामानाची भर घाला. एसएमपीएसवर छापलेले वॅट कोणत्या तापमानाला मोजले हे प्रत्येक कंपनी वेगळे ठरवते. कोणी ५० अंशांवर हमी देते, कोणी ४० वर, आणि त्यापुढे पूर्ण भार सोसण्याची खात्री देत नाही. पुण्यातल्या हिवाळ्यात हा तपशील वाचण्याचीही गरज नाही. पण विदर्भात मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर असतो आणि कूलर बंद असलेल्या खोलीत ४० अंश सहज असतात. ४० अंशांची हमी असलेला एसएमपीएस तिथे तळातून हवा घेत असला तरी काठावर उभा असतो; त्याने पेटीतली हवा घेतली तर तो हमीच्या बाहेर गेला. ४५० वॅटचा एसएमपीएस दुपारच्या उन्हात ४५० वॅटचा राहत नाही. चंद्रपूर, अकोला, जळगाव अशा ठिकाणी उन्हाळ्यात दुपारी संगणक आपोआप बंद पडण्यामागे विजेच्या चढउतारासारखी कारणे असतात, तशीच एसएमपीएसच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचे तापमान हेही एक कारण असू शकते, आणि ते तपासायला काहीच खर्च येत नाही.

पंखा वर असावा, या बाजूचा सर्वांत आवडता युक्तिवाद उष्ण हवा वर जाते हा. निसर्गाच्या विरोधात कशाला जायचे, असे त्यामागचे म्हणणे. हवा वर ढकलणारा हा जोर किती असतो ते मोजता येते. एसएमपीएसच्या उंचीएवढा, म्हणजे दहाएक सेंटिमीटरचा हवेचा स्तंभ आजूबाजूपेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर त्यातून निर्माण होणारा दाब सुमारे ०.०४ पास्कल होतो. सावकाश फिरणारा साधा पंखाही काही पास्कलचा दाब देतो, म्हणजे शंभरपटीच्या आसपास. पंखा फिरत असताना उष्ण हवेच्या वर जाण्याला त्याच्यापुढे काही किंमत उरत नाही. पंखा जिकडे ढकलेल तिकडे हवा जाते, आणि एसएमपीएसमध्ये ती मागच्या जाळीतून आडवी बाहेर पडते, वर किंवा खाली नव्हे. म्हणून चालत्या पंख्यासाठी हा युक्तिवाद बाद आहे. पण तोच हिशेब पंखा थांबला की उलटा फिरतो, आणि इथे वरच्या बाजूचे म्हणणे मनापासून मान्य केले पाहिजे. आजचे अनेक चांगले एसएमपीएस कमी भाराला पंखा पूर्ण बंद ठेवतात. मग आतली उष्णता बाहेर काढायला ०.०४ पास्कलच उरतात, आणि तोंड खाली असेल तर गरम हवा वरच्या बंद पत्र्याखाली, बोर्डाजवळच साठून राहते. तोंड वर असेल आणि त्यावर मोकळी जागा असेल तर ती हळूहळू निघून जाते. मुळातच पंखा नसलेल्या काही एसएमपीएसांवर जाळीची बाजू वर ठेवावी अशी सूचना असते ती याचसाठी. पंखा थांबणाऱ्या प्रकारात मात्र दुसरा मार्गही आहे: अशा अनेक एसएमपीएसांच्या मागे ही सोय बंद करण्याचे बटण असते. ते दाबले की पंखा मंद गतीने सतत फिरतो, आणि तोंड खाली ठेवण्याला अडचण उरत नाही. आवाजाचा तिटकारा असलेल्यानेच शांतता आणि दिशा यांत निवड करावी. ऐकूही न येणारा मंद पंखा थांबवण्यासाठी कपॅसिटरांना घामाघूम करण्यात शहाणपण नाही.

खाली तोंड करण्याचा खरा शत्रू वेगळाच आहे, आणि तो कॅबिनेटच्या बाहेर असतो: जमीन. इथे भूमितीचा एक साधा नियम कामी येतो. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर भरते. त्याला हवा मिळते ती कॅबिनेट आणि जमीन यांच्यातल्या फटीतून, चारी बाजूंनी. फट तीन सेंटिमीटर असेल तर त्या फटीचे क्षेत्रफळ वर्तुळाएवढेच होते आणि जमीन जणू नाहीच. फट दोन सेंटिमीटर असेल तर दोन तृतीयांश जागा मिळते. एसएमपीएसचा पंखा भरधाव क्वचितच धावतो, तेव्हा एवढी पुरते. फट एक सेंटिमीटरवर आली की एक तृतीयांशच उरते आणि पंख्याची गती वाढू लागते, आवाज बदलतो. थोडक्यात पंख्याच्या व्यासाचा चौथा हिस्सा एवढी उंची असावी. कडक फरशीवर ठेवलेल्या बऱ्याच कॅबिनेटांचे पाय ही अट पूर्ण किंवा जवळपास पूर्ण करतात. गालिच्यावर मात्र पाय रुततात, त्याचे तंतू वर येतात आणि फट नाहीशी होते. खाली तोंड करू नये हा इशारा अमेरिकेसारख्या देशांतून इतक्या जोराने येतो तो यामुळे; तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घातलेल्या घरांची संख्या मोठी आहे. आपल्याकडे घरात फरशी किंवा लादी असते, म्हणून तो इशारा जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. आपल्या धोक्याचे रूप निराळे आहे. संगणकाच्या टेबलाला जोडलेली, तिन्ही बाजूंनी फळ्यांनी बंद केलेली खणासारखी जागा, सतरंजीची घडी किंवा जुना टॉवेल घालून 'सीपीयू'साठी केलेली बैठक, भिंतीला टेकवून ठेवलेली मागची बाजू: यांपैकी एक असले तरी खालचे तोंड बंद आहे असे समजावे. मागची बाजू भिंतीला टेकली तर वरचे तोंडही वाचत नाही, कारण हवा बाहेर जायला जागाच नसते.

धुळीचा मुद्दा दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. जमिनीलगत धूळ जास्त असते हे कोणीही केर काढताना पाहू शकतो. केरसुणी फिरली की ती उडते आणि खाली तोंड असलेल्या पंख्याच्या वाटेला येते. पण तळाच्या जाळीवर फिल्टर असतो, तो मागून किंवा पुढून ओढून काढता येतो आणि नळाखाली धुता येतो. वर तोंड असलेला एसएमपीएस पेटीतली धूळ पितो, आणि ती त्याच्या आधी समोरच्या पंख्यांवरच्या फिल्टरने अडवलेली असेल तरच बरी. शिवाय पंखा बंद असताना वरची धूळ त्याच्यावर नुसती बसते; ती साफ करायला एसएमपीएस बाहेर काढावा लागतो. तेव्हा फिल्टर असेल आणि महिन्या-दोन महिन्यांनी धुतला जाणार असेल तर धुळीच्या बाबतीतही खालचे तोंड सरस. फिल्टर नसेल, किंवा धुतलाच जाणार नसेल तर मात्र निकाल उलटतो: मळलेला फिल्टर म्हणजे आतून लावलेला गालिचाच. याच ठिकाणी एक सावधगिरी आपल्या घरांना विशेष लागू पडते. रोज फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते. बादली कॅबिनेटला लागून सांडली, तर खाली तोंड असलेला एसएमपीएस पाण्याच्या सर्वांत जवळ असतो आणि त्यात २३० व्होल्ट खेळत असतात. कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पाटावर किंवा चाकांच्या ट्रॉलीवर ठेवले की पाणी, धूळ आणि फट हे तिन्ही प्रश्न एकदम हलके होतात. पाटाच्या फळीने पंख्यासमोरची जागा अडवू नये, एवढे पाहावे.

वरून स्क्रू पडण्याची भीती अतिशयोक्त वाटते, पण तिच्यात तथ्य आहे. मदरबोर्डवर काम करताना सुटलेला स्क्रू खाली जातो, आणि खाली उघडे जाळीदार तोंड असेल तर त्यातून आत शिरतो. बोर्डावर तो दोन टोकांना चिकटला तर एसएमपीएस जागीच जातो. श्राउड असेल तर हा धोका राहत नाही. मात्र श्राउडने नवीच अडचण आणली, जिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. श्राउडला एसएमपीएसच्या डोक्यावर भोके नसतील आणि तोंड वर असेल, तर पंखा बोटभर अंतरावरच्या सपाट पत्र्याकडे पाहत राहतो. कप्प्यात पुढून थोडी हवा येते खरी, पण वायरींचा गुंता आणि हार्ड डिस्कचा पिंजरा वाट अडवून असतात. अशा कॅबिनेटात वरचे तोंड हा सर्वांत वाईट पर्याय होय. श्राउडला भोके असतील तर तोंड वर ठेवता येते, आणि कॅबिनेट गालिच्यावर ठेवण्याशिवाय गत्यंतर नसेल तर ठेवावेच.

आता धुराड्याचा जुना युक्तिवाद एकदा पूर्ण ताकदीने तपासू, कारण एका परिस्थितीत तो अजूनही जिंकतो. वर तोंड असलेला एसएमपीएस पेटीतून सेकंदाला दहा लिटर हवा जास्तीची काढतो असे समजू. आधीचे पंखे तीसच लिटर खेळवत असतील तर एकूण चाळीस होते, आणि ४०० वॅटची उष्णता अकरा अंशांऐवजी सव्वाआठ अंशांनी हवा तापवते. फायदा फार तर अडीच-तीन अंशांचा, तोही कागदावर. कारण एसएमपीएसने ओढलेली बरीचशी हवा समोरून नुकतीच आत आलेली, न तापलेली असते. खेळांच्या संगणकासाठी हा सौदा खोटा आहे: प्रोसेसरला दोन अंश देऊन एसएमपीएसकडून सहा अंश घेणे. पण कार्यालयात, दुकानात, ग्रामपंचायतीत लागणारे साधे संगणक घ्या. त्यांच्या स्वस्त कॅबिनेटात पुष्कळदा एकही पंखा नसतो. ग्राफिक्स कार्ड नसते, सगळा संगणक मिळून शंभर वॅटही खात नाही. तिथे पेटीतली हवा बाहेर काढणारा एसएमपीएस एकटाच असतो. त्याचे तोंड पेटीच्या आत वळवले तर सेकंदाला दहा लिटर हवा शंभर वॅटने आठ-साडेआठ अंश तापून बाहेर जाते; खाली वळवले तर ती उष्णता आत कोंडून राहते आणि बिचारा प्रोसेसर आपलीच हवा पुन्हापुन्हा घेत राहतो. अशा यंत्रात तोंड आत हवे, आणि एसएमपीएसला आठ अंशांची झळ सोसावी लागते ती रास्त किंमत. शक्य असेल तर शे-दोनशे रुपयांचा एक पंखा मागे लावावा आणि एसएमपीएसला त्या कामातून सोडवावे. तो पंखा लागताच निवड पुन्हा खाली वळते. १९८१ ची रचना त्या पेटीत अजून जिवंत आहे, एवढाच याचा अर्थ.

बेअरिंगविषयी दोन शब्द पुरेत. स्लीव्ह बेअरिंगचे वंगण आणि झीज पंख्याच्या स्थितीवर अवलंबून असतात, बॉल बेअरिंग कोणत्याही स्थितीत चालते, हे बरोबर. पण तळाच्या कप्प्यात तोंड वर असो वा खाली, पंख्याचा दांडा उभाच राहतो. तेव्हा या दोन दिशांमधली निवड बेअरिंगच्या नावाने करण्यात अर्थ नाही. एसएमपीएस कडेवर उभा बसवणाऱ्या दोन कप्प्यांच्या कॅबिनेटांत हा मुद्दा किंचित वेगळा होतो. पण तिथेही कसोटी बदलत नाही: पंख्याचे तोंड ज्या बाजूच्या पत्र्याला जाळी आहे तिकडे असावे, मदरबोर्डच्या पाठीकडे नाही.

यावर कोणी म्हणेल की दिशा बदलण्यापेक्षा एसएमपीएस उघडून आतला पंखाच उलटा लावता येईल. हे कोणीही करू नये. अनेक एसएमपीएसांच्या प्राथमिक बाजूचा मोठा कपॅसिटर ३८० ते ४०० व्होल्टांवर भारलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ भारलेला राहतो. त्याचा धक्का जिवावर बेतू शकतो. शिवाय आतले पंख आणि उष्णताशोषक पट्ट्या पंखा आत फुंकेल असे धरूनच मांडलेल्या असतात. कॅबिनेटमध्ये त्याची दिशा बदलायला मात्र काहीच उघडावे लागत नाही. मागचे बटण बंद करून प्लग काढायचा, मागचे चार स्क्रू सोडायचे, पेटीच्या आत वायरी सुटतील एवढा एसएमपीएस बाहेर ओढायचा, फिरवायचा आणि पुन्हा तेच चार स्क्रू. आधी कॅबिनेट रिकामे असतानाच वायरी दोन्ही दिशांना पुरतात का ते पाहावे, कारण मागच्या बाजूच्या वायरींच्या भोकांची जागा एकाच दिशेला सोयीची असते.

निर्णय योग्य झाला का हे ठरवायला उपकरणही लागत नाही. खोली नेहमीसारखी ठेवून संगणकावर अर्धा तास जड काम सुरू ठेवावे आणि एसएमपीएसच्या मागच्या जाळीसमोर हात धरावा. हवा कोमट आणि सलग येत असेल तर एसएमपीएस मोकळा श्वास घेतो आहे. हवा गरम असून झोत क्षीण असेल तर तोंडाशी अडथळा आहे. मग कॅबिनेट पायांखाली दोन पुस्तके घालून उचलावे, किंवा बाजूचा पत्रा काढून पाहावे, आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा हात धरावा. पुस्तकांनी झोत वाढला तर अडचण जमिनीची होती; तेव्हा कॅबिनेटची जागा बदलावी, दिशा तीच ठेवावी. पत्रा काढल्याने फरक पडला तर पेटीत हवा कोंडलेली आहे आणि एक पंखा वाढवण्याची वेळ आली आहे. दोन्हींनी काही झाले नाही तर फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरावा. आरपार दिसत नसेल तर तो आधी धुवावा, मग कोणता स्क्रू सोडायचा त्याचा विचार करावा.